बांधावरची भिवरा

ज्यांनी हा बांध घातला त्यांना एका गोष्टीची माफी नाही. त्यांनी तो इतका सावकाश घातला की घातला जातोय हे कुणाला दिसलंच नाही. एका रात्रीत उभी राहिलेली भिंत माणूस रागाच्या भरात पाडू तरी शकतो. जी रोज एकेका पाटीने वाढते तिच्यावर रागवायचं तरी कधी?

आडवंडचं कुंभारतळं या बांधाने मधोमध दुभागलं आहे. पूर्वेचं पाणी काळपट दिसतं, पश्चिमेचं पिवळसर. काळ्या पाण्याच्या काठावर थोरचाक्यांची आळी आहे आणि पिवळ्या पाण्याच्या काठावर लहानचाक्यांची. दोघेही कुंभारच. देव एक, सण एक, आडनावंसुद्धा बरीचशी तीच. पण इकडची मुलगी तिकडे द्यायची नाही, तिकडची इकडे करायची नाही. बांधाच्या बरोबर मध्यावर मातीचा एक उंचवटा आहे, पालथ्या रांजणासारखा गोल. त्यावर गवत उगवत नाही. काळ्या आणि पिवळ्या मातीचे पट्टे एकावर एक चढलेले लांबूनही दिसतात.

वैशाखातली दुपार कलली होती. थोरचाक्यांच्या आळीत लग्न लागलं होतं, जेवणं उरकली होती आणि मुलाकडची मंडळी निघायच्या घाईत होती. गाडीचा ड्रायव्हर बबन हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला होता. पण नवरी, अर्पिता, गाडीकडे यायची सोडून तळ्याकडे निघाली. अंगावर शालू आणि दोन्ही हातांत ओल्या काळ्या मातीचा गोळा. ओघळ कोपरापर्यंत आलेले.

"अहो, हे काय चाललंय?" नवरदेवाचे मामा म्हणाले. "कोरा शालू आहे तो!"

"माती वाहायला चाललीय," आळीतले म्हाळूबाबा म्हणाले. "भिवरेला. तिला माती वाहिल्याबिगर आमची पोर सासरी जात न्हाई. पलीकडचीबी जात न्हाई."

"कोण भिवरा? देवी आहे?"

"देवी न्हाई. कुंभारीण."

माती वाहण्याआधीचं बायकांचं ओवाळणं, हळदीकुंकू व्हायला अजून वेळ होता. म्हाळूबाबांनी पाहुण्यांना उंबराच्या सावलीत बसवलं. बबनलाही बोलावलं. "बंद कर बाबा तुझी पिपाणी. ये, टेक जरा. नवरी माती वाहिल्याशिवाय गाडीत बसायची न्हाई, मग तू वाजवून काय करशील?" आणि बाबांनी जी हकिकत सांगितली ती अशी.

फार पूर्वी म्हणे तळं एकच होतं आणि चाकही एकच. ते काठावरच्या कडुनिंबाखाली रोवलेलं असे आणि त्याला मालक नव्हता. ज्याची माती तयार, तो चाकावर बसे. तळ्याच्या पूर्वेला काळी चिकण माती, पश्चिमेला पिवळी रेताड. नुसती काळी घेतली तर भांडं भाजताना तडकतं. नुसती पिवळी घेतली तर ते जीव धरत नाही, पाणी लागलं की भुसभुशीत होतं. म्हणून दोन्ही एकत्र करायच्या, त्यात गाढवाची लीद घालायची आणि पायांनी तुडवत राहायचं. हे तुडवण्याचं काम बायकांचं.

भिवरा या कामात नावाजलेली होती. ती कान्हू कुंभाराची मुलगी, पश्चिमेच्या काठावरची. डोळे मिटून मातीत उभी राहिली तरी कुठली माती कमी पडते ते पायांना कळायचं. "हिला पाय न्हाईत, दोन जिभा हायेत," असं तिची आई म्हणायची. पूर्वेच्या काठावरच्या राणोजीच्या मुलाला, सटवाला, तिला दिली. माहेराच्या ओट्यावरून सासरचं दार दिसायचं. लग्नात लोकांनी चेष्टा केली, "हिची पाठवणी कशाला करता? तिकडनं नुसती हाक मारू द्या."

राणोजी हाताचा मोठा कसबी होता. गढीवरच्या देशमुखांना पाणी साठवायला रांजण हवे होते, आणि लिंबाखालच्या चाकावर तेवढं भांडं उतरत नव्हतं. राणोजीने सागाचं नवं चाक घडवलं. ते इतकं जड की दोन गडी दांडा लावून फिरवायचे. त्यावर माणसाच्या छातीला लागतील असे रांजण उतरू लागले. रांजण काही गाढवाच्या पाठीवर जात नाहीत, म्हणून बैलगाडी आली. गाडी आली तशी गाढवं गेली. राणोजी गढीच्या पायरीवर बसू लागला. कुंभारांना त्याचा अभिमानच वाटला. भिवरेलाही वाटला.

एके दिवशी रांजण उतरवून घेताना गढीच्या कारभाऱ्याने विचारलं म्हणे, "काय रे राणोजी, मर्तिकाची मडकी पण तुम्हीच करता ना? याच हातांनी?"

राणोजीने रांजणाच्या काठावरून हात काढला.

"काही नाही, सहज विचारलं," कारभारी म्हणाला. "धनी या रांजणातलं पाणी पिणार."

एवढंच. कुणी हुकूम काढला नाही, कुणाच्या स्वप्नात देव आला नाही. आपल्याकडे अशा गोष्टींच्या मुळाशी शाप किंवा वरदान असतं असं सांगायची रीत आहे. इथे एक सहज विचारलेला प्रश्न होता, आणि त्याला उलटून उत्तर न देणारा एक हुशार माणूस होता. राणोजी घरी आला आणि व्याह्याला म्हणाला, "कान्हूबा, मर्तिकाची मडकी यापुढं तुम्ही करा. आमचं चाक मोठं, आम्ही रांजणाचं बघतो." कान्हूला त्यात काही वावगं दिसलं नाही. ही तर कामाची वाटणी. तो हो म्हणाला.

पुढे कुणीतरी म्हणालं, मर्तिकाची मडकी आणि गढीचे रांजण एका आव्यात कसे भाजायचे? आवा म्हणजे कुंभारांची भट्टी. आवे दोन झाले. दोन झाले तशी ज्याने त्याने आपल्या आव्याजवळची माती खणायला सुरुवात केली. खणताना निघालेला खडा, गाळ टाकायचा कुठे? "टाक तिथं मधी," सासू भिवरेला म्हणाली. भिवरेने टाकला. तिकडच्या बायकाही त्यांचा गाळ तिथेच टाकत होत्या.

आणि इथे भिवरेकडून ती गोष्ट झाली जी ती पुढे आयुष्यभर विसरली नाही. माहेरी जायला तिला सबंध तळ्याला वळसा घालावा लागायचा. मधोमध माती पडत चाललेली पाहून तिला वाटलं, ही तर वाट होतेय! पाणी ओलांडून सरळ आईच्या दारात नेणारी वाट. ती हौसेने जास्तीच्या पाट्या नेऊन टाकू लागली. माती टाकायची आणि वर उभं राहून तुडवायची, पाऊस आला तरी खचू नये म्हणून. तिच्यासारखं तुडवणारं गावात दुसरं कोण होतं? बांध पक्का झाला तो भिवरेच्या पायांनी, असं सांगतात.

बांध पक्का झाला त्या वर्षी चाकांची नावं माणसांना चिकटली. इकडचे थोरचाके, तिकडचे लहानचाके. आधी नुसतं ओळखायला म्हणून म्हणत. मग एका लग्नात कान्हू नेहमीसारखा व्याह्याशेजारी पंगतीला बसला, आणि मागून कुणीतरी हळू म्हणालं, "कान्हूबा, तुमची पंगत मागनं हाय."

कान्हूने राणोजीकडे पाहिलं. राणोजी पत्रावळीकडे बघत होता.

कान्हू उठला. तो तापट नव्हता, म्हणून त्याचं बोलणं लोकांच्या लक्षात राहिलं. "मेल्यावर ज्या हाताचं मडकं चालतं, तो हात जिवंतपणी शेजारी चालत न्हाई. बरं. आजपासून आमच्या चाकाचं मडकं तुमच्या आळीत यायचं न्हाई. कुणी मेलं तरी यायचं न्हाई."

त्या दिवसापासून रोटी तुटली आणि बेटीही तुटली. एका काठावरून दुसऱ्या काठावर दिलेली शेवटची मुलगी भिवरा. तिलाही सासरहून बजावलं गेलं, पलीकडे पाऊल टाकायचं नाही. पलीकडून तिच्या आईला बजावलं गेलं, हाक मारायची नाही.

पण आईच ती. सकाळी दोघी आपापल्या काठावर धुणं घेऊन यायच्या. आई बोलायची ती गाढवाशी. "ए गाढवे, ऐकतीस का? तुझ्या भावाला पोरगा झाला! नाक अगदी तुझ्यावर गेलंय!" इकडे भिवरा बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "बैला, लई आनंद झाला रे! पर तुझ्या आईचा खोकला कसा हाय, ते कोण सांगणार?" तिकडून उत्तर यायचं, "गाढवे, खोकला ऱ्हायलाय, तू जेवत जा नीट!" दोन्ही आळ्यांना सगळं ऐकू जायचं. कुणाला काही बोलता यायचं नाही. माणसाने जनावराशी बोलायला बंदी नव्हती.

याच दिवसांत रांजण फुटू लागले. आवा उघडला की एकेकाच्या पोटाला तडा गेलेला असे. पलीकडे उलट तऱ्हा. मडकी आव्यातून धड निघत, पण पाणी भरलं की पाझरत आणि महिन्याभरात त्यांचा भुगा होई. थोरचाके म्हणाले, पलीकडच्यांनी करणी केलीय. लहानचाके म्हणाले, अलीकडच्यांची नजर लागलीय. दोन्हीकडे कोंबडी कापली गेली. लिंबं उतरवली गेली.

एकदा माती तुडवता तुडवता भिवरा थांबली. सटवा शेजारी लाकडं रचत होता.

"अवं, यात पिवळी न्हाई," ती म्हणाली. "काळी उपाशी हाय. तडकणारच की."

"हळू बोल."

"हळू बोलल्यानं तडा जायचा थांबतो का?"

"आबांच्या कानावर जाईल."

"जाऊ द्या. आबांना काय ठाऊक न्हाई? तुमास्नी ठाऊक न्हाई?"

सटवा खाली मातीकडे बघत राहिला. ठाऊक सगळ्यांना होतं. कुंभाराच्या पोटी जन्मलेल्या लहान पोरालाही ते ठाऊक असतं. पण पिवळी माती हवी असं म्हणणं म्हणजे पलीकडचे हवेत असं म्हणणं. त्यापेक्षा रांजण फुटलेले परवडले. मातीशी असं वैर दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं. त्याला कुंभारच हवा.

आणि मग एका उन्हाळ्यात, पहाटे, राणोजी गेला.

रडारड झाली, भावकी जमली, बांबू आले, दोर आला. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मडकं नाही. चितेभोवती पोरगा खांद्यावरून पाणी नेतो ते मडकं कोरं लागतं, वापरलेलं चालत नाही. राणोजीच्या अंगणात रांजणच रांजण होते. माणूस आत उभा राहील एवढे. पण खांद्यावर घेता येईल असं एक कोरं भांडं अख्ख्या आळीत नव्हतं. तसलं भांडं कुणी केल्याला कित्येक वर्षं झाली होती. थोर चाकावर एवढंसं मडकं उतरत नाही, आणि आता उतरवलं तरी वाळणार कधी, भाजणार कधी?

"शेजारच्या गावातनं आणू," कुणीतरी म्हणालं.

"काय सांगशील त्यांना? आडवंडच्या कुंभाराच्या मर्तिकाला मडकं द्या?"

ऊन अंगणात उतरू लागलं. गावातला सर्वांत मोठा कुंभार आपल्याच भांड्यांच्या मधोमध एका भांड्यावाचून पडून होता. सटवा बापाच्या उशाशी बसून गुडघ्यात डोकं घालून होता. भिवरेने त्याच्याकडे पाहिलं. राणोजी तिला कधी वाईट शब्द बोलला नव्हता. सून म्हणून आली तेव्हा तिची पहिली तुडवलेली माती त्याने बोटांत घेऊन वास घेतला होता आणि म्हणाला होता, "ही पोर घराला पुरून उरेल."

ती उठली आणि बांधावर चढली.

"कुठं चाललीस?" सासू ओरडली. "तिकडचं मडकं या दारात आलं तर आणणारीलाबी जागा न्हाई, सांगून ठेवते!"

भिवरा थांबली नाही. जी वाट तिने माहेरासाठी तुडवली होती, तिच्यावरून ती त्या दिवशी पहिल्यांदा पलीकडपर्यंत चालली.

कान्हू ओट्यावर बसला होता. रडणं त्यालाही ऐकू आलेलं होतं.

"कोण आलंय?" त्याने विचारलं. "आमची लेक का त्यांची सून?"

"गिऱ्हाईक आलंय, बा. मडकं पायजे."

"तिकडं रांजण हायेत की."

"हायेत. त्यात माणूस मावतो. पर ते खांद्यावर मावत न्हाईत."

कान्हूच्या ओठाचा कोपरा हलला. हसू होतं की दुसरं काही, ते सांगता येत नाही. व्याही म्हणून ज्याच्या गळ्यात गळा घालून तो नाचला होता तो माणूस पलीकडे पडला होता. पण शब्द चारचौघांत दिलेला होता, आणि ते चारचौघे आता दारात येऊन उभे होते.

"घेऊन जा," तो शेवटी म्हणाला. "तिथं ठेवलंय, उचल. मी देत न्हाई, तू उचल. पर भिवरे, ते मडकं घेऊन बांध चढलीस तर या उंबऱ्याला परत यायचं न्हाई."

भिवरेने मडकं उचललं.

ते तळ्यावर भरून घेतलं आणि सटवाच्या खांद्यावर ठेवलं, तसं मडक्याच्या कुशीतून पाणी झिरपू लागलं. नुसती पिवळी माती. आधी ओल आली, मग केसाएवढी रेघ उमटली. मडक्यावर पहिला दगड मारेपर्यंत त्यातलं पाणी सांडायचं नसतं, आणि हे तर वाटेतच फुटणार होतं. भिवरा वाकली. काळ्या बाजूची मूठभर चिकण माती तिने उचलली, रेघेवर दाबली आणि वर तळहात ठेवला. हात काढला की माती सुटायची. मग तिने हात काढलाच नाही.

मसणवट्यात बायका जात नाहीत. भिवरा गेली. सटवाच्या मागे, खांद्यावरच्या मडक्याला हात लावून. भावकीतले पुरुष एकमेकांकडे बघत होते, पण तिला थांबवणार कसं? तिला थांबवलं तर मडकं जाणार. चितेभोवती सटवा फिरला, त्याच्या पावलाला पाऊल लावून ती फिरली. असं सांगतात की पहिला दगड लागेपर्यंत एक थेंबसुद्धा जमिनीवर पडला नाही. पिवळ्या मातीचं मडकं, काळ्या मातीचं लिंपण, आणि मध्ये तिचा हात.

परत आली तेव्हा सासरच्या दारात भावकी उभी होती. मंडळी अगदीच निर्दय नव्हती. "न्हाऊन घे," ते म्हणाले. "शुद्ध होऊन ये. झालं गेलं गंगेला मिळालं."

"न्हाते की," भिवरा म्हणाली. "पर कशापायी, ते सांगा. मडक्याला हात लावला म्हणून? मग कुंभाराच्या घरात शुद्ध कोण?"

सटवाकडे तिने पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. नुसता खाली बघत राहिला, पंगतीत त्याचा बाप पत्रावळीकडे बघत राहिला होता तसा.

ती वळली आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. कान्हू उंबऱ्यात बसला होता. दगडासारखा. त्याच्या मागे अंधारातून आईचा आवाज आला. "ए गाढवे! किती उन्हात उभी ऱ्हाशील? ये की गं आत!"

दावणीला गाढव सावलीतच उभं होतं. कान्हूने ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. भिवरेला तेवढ्यावर आत जाता आलं असतं. उद्या सगळे म्हणाले असते, आईने गाढवाला बोलावलं, पोर आपली चुकून आली. तसंच चाललं असतं. वर्षानुवर्षं चाललं असतं.

"आये," भिवरा मोठ्याने म्हणाली. दोन्ही आळ्यांना ऐकू जाईल असं. "मी गाढवी न्हाई. मला नावानं हाक मार."

आईने तोंडात पदर कोंबला होता, असं सांगतात. हाक आली नाही.

तेव्हा भिवरा बांधाच्या मध्यावर गेली आणि खाली बसली. "हा बांध मी तुडवलाय," ती म्हणाली. "वाट म्हणून तुडवला. ज्या दिवशी यावरनं एक नवरी चालत सासरी जाईल त्या दिवशी मी उतरीन. तवर न्हाई."

ती तिथेच राहिली. सटवा भाकरी आणून ठेवायचा. आईही ठेवायची. बांधावर कुणी पूर्ण चढत नव्हतं. भिवरा एका हाताला काळी घ्यायची, एका हाताला पिवळी, पायांनी तुडवायची आणि चाकाशिवाय, हातांनीच, मडकी घडवून तिथेच गोवऱ्यांत भाजायची. ती जरा वाकडी असत. पण टिचकी मारली की घंटेसारखी वाजत आणि त्यांना तडा जात नसे. इकडे कुणी गेलं की माणसं तिच्याकडे मडक्यासाठी येत, तिकडे कुणी गेलं तरी तिच्याकडेच. कान्हूचा शब्द मोडला नाही, राणोजीच्या आळीचाही मोडला नाही. मडकं ना या बाजूचं, ना त्या बाजूचं. सगळ्यांची सोय झाली.

सोय झाली ना, की माणसं सुधारायचं लांबणीवर टाकतात. नवरी काही बांधावरून गेली नाही. पण इकडची एक मुलगी लग्न होऊन परगावी जाताना भिवरेपाशी थांबली. तिला भिवरेकडे बघवेना. तिने तळ्यातला मातीचा गोळा उचलला, तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आत्ये, मला जमलं न्हाई. ही माती घे." मग तिकडची एक आली. मग प्रत्येकजण. भिवरा म्हातारी झाली, तिच्याभोवती माती वाढत गेली. ती गेली तेव्हा स्वतःचं मडकं तिने आधीच करून ठेवलेलं होतं, म्हणून कुणापुढे प्रश्न आला नाही.

म्हाळूबाबा थांबले.

आजही दोन्ही आळ्यांतली प्रत्येक नवरी सासरी निघताना आपल्या काठावरची माती त्या उंचवट्यावर वाहते. आजही कुठल्याही आळीत कुणी वारलं की त्याच्यासाठीचं मडकं त्याच उंचवट्याच्या मातीचं करतात. लग्नात वाहिलेली माती मर्तिकाला निघते. चाकं आता विजेवर फिरतात. रांजण कुणी करत नाही, घरोघर प्लास्टिकच्या टाक्या आहेत. गढीवर बाभळी माजल्या आहेत आणि त्या कारभाऱ्याचं नावसुद्धा कुणाला आठवत नाही. त्याचा प्रश्न तेवढा टिकला. उंचवटा गावाला भूषण वाटतो. तो दरसाल वाढतो, कारण त्यातला एकेक गोळा म्हणजे बांधावरून न गेलेली एकेक नवरी आहे.

"दुसरीकडं कुठं हाय का अशी रीत?" म्हाळूबाबांनी अभिमानाने विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. मग जरा घुटमळून, "पण बाबा, आता तरी होत असतील ना? इकडून तिकडे?"

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. "अजून न्हाई."

अर्पिता उंचवट्यापाशी पोचली होती. तिने काळा गोळा वर ठेवला. त्याच्या खालीच पिवळ्या मातीचा एक गोळा अजून नीट वाळलेला नव्हता. मागच्या आठवड्यात पलीकडे लग्न होतं. ती हात जोडून उभी राहिली. आवरायला हवं होतं, पण तिचा पाय निघेना. पलीकडच्या काठावर तिच्याच वयाची एक मुलगी शेळीचं दावं धरून उभी होती. ही पल्लवी, दहावीपर्यंत अर्पिताच्या बाकावर बसलेली. आज तिला आमंत्रण नव्हतं.

"ए शेळे!" पल्लवी शेळीकडे बघत ओरडली. "सासरी गेलीस की विसरू नको गं! पोचलीस की फोन कर!"

काठावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अर्पिताच्या आत्याने तिचा दंड धरला, "चल, उशीर होतोय." अर्पिताने दंड सोडवून घेतला. मातीने माखलेला हात उंच केला.

"पल्लवे!" ती ओरडली. "पल्लवी! करते गं फोन! आणि तूही ये, माझ्या घरी ये!"

हसणं थांबलं. नाव पाण्यावरून पलीकडे गेलं आणि तिकडच्या आळीतही दोन-तीन दारांत माणसं येऊन उभी राहिली. पल्लवीच्या हातून दावं सुटलं होतं. शेळी बांधावर चढून खुशाल चालत अलीकडे येत होती, आणि तिला हाकलायचं कुणालाच सुचत नव्हतं.

मंडळी गाडीत बसली. अर्पिताने हात धुतले नाहीत. तिच्या सासूने सरकून तिला जागा दिली. बबनने किल्ली फिरवली, पण गाडी लगेच पुढे घेतली नाही. समोरच्या काचेतून तो बांधाकडे बघत होता.

"आमच्यातपण असंच आहे," तो म्हणाला. "फक्त तळं नाही."